ताई चीचे शिक्षक चेंग मान-चिंग : १०८ वरून ३७



या मालेत आपण शरीर घडवण्याच्या वेगवेगळ्या परंपरांचा इतिहास बघतो आहोत. आज ताई चीकडे वळू या. ताई ची म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येतं. पहाटेची बाग, साठीच्या पुढची माणसं, आणि पाण्यात उभं राहून कराव्यात तशा संथ हालचाली. हजारो वर्षं हे असंच चालत आलं असेल, असंही आपण मनाशी धरून टाकतो. तसं ते नाही. आज जगभर जी ताई ची शिकवली जाते, तिचं रूप मुख्यतः विसाव्या शतकात घडलं, आणि ते घडवताना कुणीतरी हातात कात्री घेतली होती. अशाच एका शिक्षकाचं आयुष्य आज आपल्याला बघायचंय. त्यांचं नाव चेंग मान-चिंग.

आधी नावांचा घोळ मिटवू. चिनी नावात आडनाव आधी येतं. म्हणजे 'चेंग' हे आडनाव आणि 'मान-चिंग' हे नाव. हल्लीच्या पद्धतीने ते 'झेंग मानछिंग' असं लिहितात, पण इंग्रजी पुस्तकांतून जगाला ते चेंग म्हणूनच माहीत झाले, तेव्हा आपणही तेच वापरू. दुसरी गोष्ट 'ताई ची' या शब्दाची. यातली 'ची' म्हणजे प्राणशक्ती, असं बरेच जण समजतात. ती 'ची' वेगळी आणि तिचं चिन्हही वेगळं. इथल्या शब्दाचा अर्थ 'परम टोक', ज्यातून यिन आणि यांग ही जोडी निघते असं चिनी तत्त्वज्ञान मानतं ते मूळ. पूर्ण नाव 'ताईचीछुआन', आणि 'छुआन' म्हणजे मूठ. तेव्हा बागेतल्या त्या आजोबांच्या संथ हालचाली मुळात हाणामारीची विद्या आहेत, हे विसरायचं नाही.

आता थोडी मागची गोष्ट. हनान प्रांतात चेनजियागौ नावाचं गाव आहे. तिथल्या चेन कुटुंबाकडून यांग लुचान नावाच्या माणसाने ही विद्या शिकून घेतली. लुचान यांचा काळ १७९९ ते १८७२. पुढे ते बीजिंगला गेले आणि तिथल्या मांचू सरदारांच्या घरी शिकवू लागले. आपल्याकडे गाण्यात घराणी असतात ना, तसं हे यांग घराणं सुरू झालं. त्यांचा नातू यांग चेंग-फू, जन्म १८८३. या नातवाने घराण्याच्या पद्धतीतल्या उड्या आणि पाय आपटणं कमी केलं, सगळं एकसारख्या संथ गतीत आणलं आणि हालचाली मोठ्या, मोकळ्या केल्या. म्हणजे पहिली कात्री घराण्याच्या वारसानेच चालवली होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चेंग यांचा जन्म १९०२ सालचा, पूर्व चीनमधल्या झेज्यांग प्रांतातल्या युंगज्या इथला. आज आपण त्या भागाला वनझौ म्हणतो. वडील लवकर गेले, घरची स्थिती बेताची. नऊएक वर्षांचे असताना एक भिंत कोसळली आणि वीट डोक्यात बसून ते बेशुद्ध पडले. जगले, पण स्मरणशक्तीवर परिणाम झाला, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. अभ्यास झेपेना म्हणून मुलाला एका चित्रकाराकडे ठेवलं. काम काय, तर शाई घोटायची आणि गुरूचा हात बघत बसायचं. चिनी चित्रकलेत शाईची कांडी दगडावर पाण्याबरोबर बराच वेळ घोटावी लागते. मनगट ताठ ठेवलं की शाई बिघडते, घाई केली तरी बिघडते. पुढे हाच माणूस ताई चीमध्ये मनगट सैल ठेवण्यावर इतका भर देणार होता, हा योगायोग आम्हाला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही.

चित्रकलेत मुलगा चमकला. विशीतच बीजिंगला कविता शिकवू लागला, मग शांघायला गेला आणि तिथल्या ललित कला विद्यालयात चिनी चित्रकला विभागाचा प्रमुख झाला. त्या काळचं शांघाय म्हणजे परदेशी वसाहती, छापखाने, चित्रपट, नवी विद्यापीठं. ह्वांग बिनहोंग यांच्यासारख्या ज्येष्ठ चित्रकारांबरोबर त्यांची ऊठबस होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, या तरुणाचं सगळं छान चाललंय.

पण छातीत क्षय होता. खोकल्यातून रक्त पडत होतं. इथे काळाचं भान ठेवायला हवं. क्षयावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. म्हणजे १९२० च्या दशकात या रोगावर विश्रांती, चांगली हवा आणि चांगलं खाणं यापलीकडे ना पाश्चात्त्य डॉक्टरकडे काही होतं, ना चिनी वैद्याकडे. कुणीतरी सुचवलं म्हणून चेंग यांनी ताई ची सुरू केली, मग सोडली, तब्येत परत ढासळल्यावर पुन्हा धरली. असं धरसोडीचं वर्णन त्यांनी स्वतःच केलंय. जन्मजात पहिलवान वगैरे ते मुळीच नव्हते. आपल्यासारखेच आरंभशूर होते म्हणा ना. नेटाने करायला लागल्यावर अंगात बळ आलं आणि खोकला थांबला, हे त्यांचं म्हणणं. आता यावरून ताई चीने क्षय बरा होतो असा निष्कर्ष कुणी काढू नये. क्षयाला औषधच लागतं आणि ते पूर्ण मुदतीचं घ्यावं लागतं. पण त्या माणसाच्या आयुष्यात या अनुभवाचं वजन किती होतं, ते समजून घ्यायला हवं. पुढे जे काही त्यांनी शिकवलं, ते एका बऱ्या झालेल्या रुग्णाने शिकवलं.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची गाठ प्रत्यक्ष यांग चेंग-फू यांच्याशी पडली. यांग तेव्हा उत्तरेतून दक्षिणेत आले होते, भारदस्त शरीराचे आणि कमी बोलणारे गृहस्थ. चेंग यांनी एव्हाना वैद्यकीचाही अभ्यास केला होता. आन्ह्वे प्रांतातल्या सुंग योआन नावाच्या वैद्यांकडे ते शिकले होते. यांगांच्या पत्नी आजारी पडल्या, चेंग यांच्या औषधाने त्यांना उतार पडला, आणि त्या उपकाराच्या पोटी गुरूने हातचं न राखता शिकवलं, ही हकीकत चेंग स्वतःच सांगतात. जुन्या गुरुशिष्य व्यवहारातलं हे अगदी ओळखीचं दृश्य आहे. आपल्याकडेही उस्तादांनी कुणाला 'खास चीज' का दिली, याच्या अशाच कथा असतात.

चेंग यांनीही गुरूला एक गोष्ट दिली, ती म्हणजे लेखणी. १९३१ मध्ये यांगांच्या नावावर एक पुस्तक निघालं होतं, त्याची भाषा ओबडधोबड होती. १९३४ मध्ये दुसरं निघालं, त्याची भाषा मात्र घोटीव. या दुसऱ्या पुस्तकामागे चेंग यांचा हात होता, हे आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. प्रस्तावना तर त्यांचीच आहे. दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, यांग वारले. म्हणजे चेंग यांना गुरूचा सहवास मिळाला तो फार तर पाच-सहा वर्षांचा. 'एवढ्याशा काळात शिकून याने काय दिवे लावले' असं पुढे विरोधक म्हणाले, त्याचं मूळ इथे आहे.

या मधल्या काळाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९२८ मध्ये नानजिंगच्या राष्ट्रवादी सरकारच्या आधाराने देशी युद्धकलांची मध्यवर्ती संस्था उभी राहिली. या कलांना नाव दिलं 'गुओशु', म्हणजे राष्ट्रीय कला. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, त्याच सरकारच्या आरोग्य समितीपुढे चिनी वैद्यक बंदच करून टाकावं असा प्रस्ताव आला. देशभरातले वैद्य शांघायला जमले, मोठा निषेध झाला आणि प्रस्ताव बारगळला. बघा, एकाच सरकारला एक जुनी विद्या राष्ट्राची शान वाटते आणि दुसरी राष्ट्राची लाज. चेंग हे दोन्ही विद्यांमध्ये पाय असलेले गृहस्थ. १९४० च्या दशकात ते देशाच्या राष्ट्रीय सभेत चिनी वैद्यांचे प्रतिनिधी म्हणून गेले, ते याच लढ्याच्या वाटेने. म्हणजे 'जुनं टिकवायचं तर ते नव्या काळाला पटेल अशा रूपात मांडावं लागतं' हा धडा त्यांनी आखाड्यात शिकायच्या आधीच वैद्यकीत शिकलेला होता.

आता आपण आजच्या विषयाच्या गाभ्याशी आलो.

१९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. शांघाय पडलं, नानजिंग पडलं, सरकार, विद्यापीठं, कारखाने सगळं पश्चिमेकडे सरकू लागलं. आपल्याकडच्या लोकांना हा काळ एका नावामुळे माहीत आहे. १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला निघालं, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. व्ही. शांताराम यांचा चित्रपट बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तेच युद्ध, तेच वर्ष. त्या वर्षी चेंग हुनान प्रांतात होते, प्रांताच्या युद्धकला संस्थेचे प्रमुख म्हणून. काम असं की, जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसं येणार, त्यांना थोड्या आठवड्यांत शिकवायचं, ती परत जाऊन आपापल्या भागात सैनिकांना आणि नागरिकांना शिकवणार. त्याच वर्षी नोव्हेंबरात हुनानची राजधानी छांगशा चिनी सैन्याने स्वतःच पेटवून दिली, शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून. शहराचा बराचसा भाग राख झाला. अशा परिस्थितीत समोर बसलेल्या माणसाला 'दहा वर्षं दे, मग तुला ताई ची येईल' असं कोण सांगणार?

यांग घराण्याचा पूर्ण संच मोठा. मोजायच्या पद्धतीप्रमाणे तो ८५ भरतो, १०३ भरतो किंवा १०८. सावकाश केला तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. शिकायला चांगलं वर्ष जातं, आणि ते फक्त क्रम पाठ व्हायला. चेंग यांनी त्याची ३७ आकृत्यांवर आणून बांधणी केली. सात ते दहा मिनिटांत संपणारा संच.

कापलं काय, हे जरा नीट बघू. मोठ्या संचात त्याच त्या आकृत्या परत परत येतात. 'चिमणीची शेपटी धरणे' नावाची आकृती सुरुवातीला येते, मग मधे येते, मग परत येते. 'ढगांसारखे हात' तीन वेगवेगळ्या ठिकाणी येतात. 'एकच चाबूक' तर कितीदा. चेंग यांनी मुख्यतः ही पुनरावृत्ती काढली. वेगळ्या अशा आकृत्या बहुतेक सगळ्या राहिल्या. कागदावर बघितलं तर काहीच हरवलं नाही.

पण खरंच काही हरवलं नाही का? जुने लोक म्हणतात, पुनरावृत्ती ही उगाच नव्हती. विसाव्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागतात, आणि त्या थकल्या अंगाने तोच 'चाबूक' पाचव्यांदा करताना माणसाला खरं सैल होणं कळतं. पहिल्या मिनिटाला सैल राहणं काय, कुणालाही जमतं. हा आक्षेप आम्हाला वजनदार वाटतो. आपल्याकडे १९०० नंतर ग्रामोफोन आला तेव्हा गवयांपुढे हाच प्रश्न होता. तासभर मांडायचा राग तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसवायचा. काहींनी साफ नकार दिला, काहींनी गायलं. ज्यांनी गायलं त्यांचा आवाज आज आपल्यापाशी आहे. पण तबकडीतला राग म्हणजे मैफिलीतला राग नव्हे, हेही खरंच.

चेंग यांचं उत्तर काय होतं? त्यांनी त्यावर भाषणं दिली नाहीत. त्यांनी काय कापलं नाही, ते बघितलं की उत्तर मिळतं. त्यांनी 'पुश हँड्स' ठेवलं. हे काय असतं, तर दोघं समोरासमोर उभे राहतात, मनगटाला मनगट लावून. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने विरोध न करता तो जोर वाहून जाऊ द्यायचा आणि समोरच्याचा तोल कुठे गेला ते हाताने ओळखायचं. संच पाठ म्हणता येतो, पण इथे लपवाछपवी चालत नाही. तुम्ही सैल आहात की नुसते सैल दिसताय, हे एका क्षणात कळतं. चेंग यांच्या मते पाठांतर कमी झालं तरी चालेल, पण परीक्षा ठेवायलाच हवी.

आणि या परीक्षेत ते शिष्यांना सांगत, हरायला शिका. चिनीत एक वाक्प्रचार आहे, 'छी ख्वेइ', शब्दशः नुकसान खाणे. मराठीत आपण मार खातो, हार खातो, अगदी तसंच. ढकलणाऱ्याला जोराने अडवलंत तर कदाचित आज उभे राहाल, पण काही शिकणार नाही. ढकलले गेलात तर आज पडाल, पण का पडलो ते अंगाला कळेल. इंग्रजीत याचं भाषांतर व्यापारी थाटाचं झालं, नुकसानीत गुंतवणूक करा अशा अर्थाचं. अमेरिकेत ते फार लोकप्रिय झालं. मूळ शब्दाची चव मात्र साधी आहे. खा, पचव, पुढे चल.

शिकवताना ते पाच गोष्टींवर भर देत. अंग सैल. कणा सरळ. वजन कोणत्या पायावर आहे आणि कोणता पाय रिकामा आहे, हे स्पष्ट. हात नव्हे, कंबर फिरवा. आणि मनगट न वाकवता, न ताठवता ठेवा. या शेवटच्या हाताला ते 'सुंदर स्त्रीचा हात' म्हणत. यांगांच्या चित्रांत मनगट जरा उचललेलं दिसतं, चेंग यांच्या चित्रांत ते सरळ, सैल. घराण्यातल्या लोकांना हा बदल खटकला. शाई घोटणारा मुलगा आठवतो ना?

युद्ध संपता संपता चेंग यांनी आपलं तेरा प्रकरणांचं ताई चीवरचं पुस्तक लिहिलं. १९४९ मध्ये माओंची सत्ता आली आणि राष्ट्रवादी पक्षाबरोबर ते तैवानला गेले. त्यांचं पुस्तक तिथेच, १९५० मध्ये छापलं गेलं. तायपेईत त्यांनी 'शर जुंग' नावाने वर्ग सुरू केला. या नावाचा अर्थ साधारण असा की, योग्य वेळी योग्य तो मध्य साधणं. कन्फ्यूशियसच्या परंपरेतली ही कल्पना आहे.

तैवानमधल्या त्यांच्या शिष्यांत बेन लो नावाचे तरुण होते. ते आले होते औषधाला. चेंग यांनी तपासलं आणि सांगितलं, तुझं अंग इतकं अशक्त आहे की औषध लागू पडणार नाही, आधी ताई ची शिक. वैद्य आणि उस्ताद एकाच माणसात असला की असं होतं. हेच बेन लो पुढे सॅन फ्रान्सिस्कोत नावाजलेले शिक्षक झाले. दुसरे ह्वांग शेंग-श्यान, आधीच 'पांढरा करकोचा' या कठोर युद्धकलेत मुरलेले. तरीही ते शिष्य झाले आणि नंतर मलेशिया-सिंगापूर भागात त्यांनी ही पद्धत रुजवली. १९७० मध्ये कुचिंगला त्यांनी एका कसलेल्या पहिलवानाला जाहीर सामन्यात वारंवार खाली पाडलं. संथपणे शिकलेली विद्या खरोखरीच्या झटापटीत चालते का, या जुन्या शंकेला त्यांच्या लोकांनी दिलेलं हे उत्तर.

तिसरे शिष्य अमेरिकन, रॉबर्ट स्मिथ. हे अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात होते आणि १९५९ ते १९६२ तैवानमध्ये नेमणुकीवर होते. चेंग आणि स्मिथ यांनी मिळून लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९६७ मध्ये निघालं. पाश्चात्त्य वाचकाला ताई ची आकृतीआकृतीने शिकवणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते.

त्याआधीच, १९६४ मध्ये, चेंग सहकुटुंब न्यूयॉर्कला गेले होते. वय बासष्ट. इंग्रजी येत नाही. चायनाटाउनमध्ये त्यांनी वर्ग सुरू केला. आणि वर्गात कोण यायला लागलं? लांब केसांची, व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारी, शाकाहार आणि ध्यान यांच्या मागे लागलेली गोरी पोरं. त्यांच्याबरोबर नर्तक, चित्रकार, नोकरदार. एड यंग हे मुलांच्या पुस्तकांचे चित्रकार त्यांचे दुभाषी होते. पुढे १९९० मध्ये अमेरिकेतला मानाचा कॅल्डेकॉट पुरस्कार त्यांना मिळाला. विद्यार्थी चेंग यांना नुसतं 'प्रोफेसर' म्हणत.

चायनाटाउनमधल्या काही वडीलधाऱ्या मंडळींना हे रुचलं नाही. घरातली विद्या बाहेरच्यांना, त्यातही अशा अवतारातल्या बाहेरच्यांना, का म्हणून? त्या वेळचं चायनाटाउनही समजून घ्यायला हवं. चिनी लोकांना अमेरिकेत येऊच न देणारा कायदा १८८२ ते १९४३ इतका काळ होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी दारं बंद करून घेतली, त्या समाजाची ती दारं होती. त्यांच्या रागाला कारण होतं. पण चेंग यांनी विद्यार्थी सोडले नाहीत. मतभेद विकोपाला गेले आणि अखेर बावरी रस्त्यावरच्या ८७ नंबरच्या इमारतीत 'शर जुंग' केंद्र उभं राहिलं. तिथे ताई ची, तलवार आणि पुश हँड्स तर होतंच, शिवाय सुलेखन होतं, लाओत्झू आणि कन्फ्यूशियसवर व्याख्यानं होती, आणि ते रुग्णही तपासत. म्हणजे आठ मिनिटांचा संच शिकायला आलेल्या मुलाला आजूबाजूला सगळं घर दिसत होतं. कात्री लावणारा माणूस उरलेलं सगळं असं दुसऱ्या दाराने आत आणत होता.

ते तैवानला परतले आणि २६ मार्च १९७५ रोजी तिथेच वारले. शेवटचं काम 'यी जिंग' या प्राचीन ग्रंथावरच्या भाष्याचं होतं. चित्रकला, सुलेखन, काव्य, वैद्यक आणि ताई ची या पाच विद्यांमुळे लोक त्यांना 'पाच उत्कृष्टतांचे धनी' म्हणत. दहाच दिवसांनी, ५ एप्रिलला, चँग कै-शेकही गेले.

आता सगळ्यात गमतीचा भाग. चेंग तैवानला गेलेले, म्हणून चीनच्या मुख्य भूमीवर त्यांचं नाव घ्यायची सोय नव्हती. पण तिकडे काय चाललं होतं? १९५६ मध्ये साम्यवादी सरकारच्या क्रीडा आयोगाने तज्ज्ञ बसवले आणि त्याच यांग घराण्याच्या संचातून २४ आकृत्यांचा छोटा संच तयार केला. पाच-सहा मिनिटांचा. पुनरावृत्ती काढलेली. आज बागांमध्ये सर्वाधिक दिसतो तो हाच. सामुद्रधुनीच्या दोन बाजू एकमेकींचं अस्तित्व मान्य करायला तयार नव्हत्या, एकमेकींवर तोफा डागत होत्या, आणि दोन्हीकडची कात्री त्याच कापडावर, जवळपास त्याच रेषेत चालत होती. याचा अर्थ असा की, हा एका माणसाचा लहरीपणा नव्हता. शिकणारा बदलला होता. घराण्यात राहून वर्षानुवर्षं शिकणारा शिष्य संपत आला होता. कामावरून सुटून येणारा, आठवड्यातून दोनदा तासभर देऊ शकणारा शिष्य समोर होता.

आणि कात्री तिथे थांबली नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटाच्या एका गाजलेल्या अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या लोकांना १० आकृत्या १५ आठवडे शिकवल्या, आणि वारंवार पडण्याचा धोका जवळपास निम्म्याने कमी झाला. २०१२ मध्ये ऑरेगनमधल्या अभ्यासात पार्किन्सनच्या १९५ रुग्णांपैकी एका गटाला फक्त ६ हालचाली दिल्या, तरी त्या गटाचा तोल इतर गटांपेक्षा जास्त सुधारला. १०८, ३७, २४, १०, ६. ही उतरंड तुम्ही बघा. २०२० मध्ये युनेस्कोने ताईचीछुआनला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा यातल्या नक्की कोणत्या आकड्याला घेतलं?

आमचं मत विचाराल तर सांगतो. कात्री चालवणं हे पाप नाही. यांग चेंग-फूंनी उड्या कापल्या, तेव्हा त्यांना कुणी द्रोही म्हटलं नाही, कारण ते घरचे होते. चेंग यांनी पुनरावृत्ती कापली, तर म्हटलं, कारण ते बाहेरचे. पण दोघांनाही एक गोष्ट पक्की माहीत होती, आपण काय कापतोय ती. पूर्ण संच त्यांच्या अंगात होता. पार्किन्सनच्या रुग्णाला सहा हालचालींनी उभं राहता आलं तर त्याहून चांगलं ते काय, त्याला १०८ कशाला हवेत? अडचण दुसरीकडे आहे. सहाच शिकलेला माणूस उद्या शिक्षक झाला आणि त्याला वाटलं की विद्या एवढीच असते, तर तिथे धागा तुटतो. शिकणाऱ्याला थोडं द्यायला हरकत नाही, शिकवणाऱ्यापाशी मात्र पूर्ण असायला हवं. चेंग मान-चिंग यांच्या आयुष्यातून आम्ही तरी एवढंच घेतलं.

व्याख्यानानंतर एका बाईंनी विचारलं की, माझे गुडघे दुखतात, मी यातलं काय करू? त्यांना सांगितलं ते इथेही सांगतो. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मग पूर्ण संच येणारा शिक्षक शोधा आणि त्याच्याकडून तीनच हालचाली शिका.

पुढच्या भागात भेटू.